कुठला इब्राहीम, कुठला बुऱ्हाण? दख्खनच्या सुलतानांची नावं ओळखण्याची रीत

मोडी जरा हाताला लागली की माणूस हौसेने जुने कागद उघडतो, आणि पहिली ठेच लागते ती अक्षराला नाही, माणसाच्या नावाला. कागदात लिहिलेलं असतं, "इभराम येदिलशाहाचे कारकिर्दीस". आता हा इब्राहीम कुठला? विजापूरच्या गादीवर दोन इब्राहीम होऊन गेले, दोन अली होऊन गेले. नगरच्या गादीवर तीन बुऱ्हाण, तीन हुसेन, तीन मुर्तजा. गोवळकोंड्यालाही एक इब्राहीम, बिदरलाही एक. चुकीचा माणूस धरलात तर कागद पन्नास-साठ वर्षं मागेपुढे सरकतो आणि त्यावर रचलेला सगळा डोलारा कोसळतो.

गावचा इतिहास लिहिणारे, वतनाचे कागद चाळणारे, किल्ल्यांवर माहिती सांगणारे, शिलालेखांचे फोटो काढून "हे कुणी बांधलं?" असं विचारणारे अशा नवख्या मंडळींसाठी हा लेख आहे. फारसी यायला हवी असं काही नाही. फक्त पायऱ्या गाळू नका. माणूस ओळखायला त्याचं नाव सगळ्यात शेवटी उपयोगी पडतं. आधी घराणं, मग सन, मग नाव.

हाताशी काय ठेवायचं

- बहमनी आणि त्यातून फुटलेल्या पाच शाह्यांच्या (आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही, इमादशाही, बरीदशाही) वंशावळी. छापील पुस्तकातल्या नुसत्या पाहू नका, एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी स्वतः लिहून काढा. लिहितानाच निम्मे गोंधळ सुटतात.
- जंत्री. हिजरी, शक, सुहूर आणि इसवी एका ओळीत दाखवणारी.
- सुहूर सनातल्या अरबी आकड्यांची यादी (खाली दिली आहे).
- मूळ कागदाचा किंवा शिलालेखाचा स्पष्ट फोटो. कुणीतरी केलेलं लिप्यंतर पुरत नाही, कारण सनाचा एक शब्द चुकला की राजा बदलतो.
- परगण्यांचा जुना नकाशा. नसेल तर साधा जिल्ह्यांचा नकाशाही चालेल.

1. आधी नाव सुटं करा

या काळातली लांबलचक नावं बघून घाबरायला होतं, पण त्यांचे तुकडे ठरलेले असतात. माणसाचं स्वतःचं नाव (इब्राहीम, अली, बुऱ्हाण). बापाचं नाव, 'बिन' किंवा 'वलद' लावून. 'अबुल' ने सुरू होणारी मानाची उपाधी. गावावरून किंवा मुलखावरून आलेलं विशेषण: शिराजी, अस्तराबादी, रूमी. आणि दरबाराने दिलेला किताब: अफजलखान, रुस्तुमेजमान, इखलासखान.

यातला किताब हा सगळ्यात फसवा तुकडा. किताब माणसाबरोबर मरत नसे, तो पुन्हा दुसऱ्याला दिला जाई. आदिलशहा, निजामशहा, कुतुबशहा हीसुद्धा मुळात बहमनी दरबाराच्या किताबांतून आलेली घराण्यांची नावं आहेत. म्हणून "आदिलशहाने अमुक केलं" या वाक्यात माणूस अजून आलेलाच नाही, फक्त गादी आली आहे.

सुटं केलेलं नाव पाच रकान्यांत लिहा. जो तुकडा कागदात नाही तो रकाना मोकळा सोडा. अंदाजाने भरू नका. मोकळा रकाना पुढे तुम्हालाच सांगतो की अजून काय शोधायचं आहे.

2. घराणं पक्कं करा

मराठी कागदांत आदिलशहा 'येदिलशाहा' होतो, इब्राहीम 'इभराम' होतो. नगरच्या शहांमागे 'बहिरी' लागलेलं दिसतं. 'बहिरी' दिसलं की घराणं निजामशाही, हे बरंच खात्रीचं.

घराण्याचं नाव कागदात नसेल तर गाव बघा. ढोबळ मानाने जुन्नर, पुणे, नगर, चौल हा मुलूख 1636 पर्यंत निजामशाहीचा. दाभोळ, कऱ्हाड, मिरज, पन्हाळा, गोव्याच्या सीमेपर्यंतचा मुलूख आदिलशाहीचा. वऱ्हाड 1574 पर्यंत इमादशाहीचं. त्या साली मुर्तजा निजामशहा पहिला याने ते घेतलं आणि 1596 च्या तहात चांदबिबीला ते मोगलांना द्यावं लागलं. 1636 नंतर निजामशाही संपली आणि पुणे प्रांत आदिलशाहीत गेला. त्यामुळे पुण्याजवळच्या एकाच गावात आजोबाचा कागद निजामशाही आणि नातवाचा आदिलशाही निघाला तर दचकू नका. सोलापूर, परांडा या बाजूला मात्र नकाशावर फार विसंबू नका. सोलापूर तर दोन घराण्यांच्या सोयरिकीत आणि भांडणात सतत हिंदकळत राहिलेलं ठाणं आहे.

आता या पायरीवरचे दोन मोठे खड्डे.

पहिला 'निजाम'. मराठी वाचकाच्या डोक्यात निजाम म्हटलं की हैदराबाद येतं. पण निजामशहा वेगळे आणि निजाम वेगळे. मलिक हसन बहिरी याला बहमनी दरबारातून निजाम-उल-मुल्क हा किताब होता. त्याचा मुलगा मलिक अहमद याने 1490 मध्ये स्वतंत्र होऊन निजामशाही उभी केली, ती 1636 ला संपली. हैदराबादचे निजाम म्हणजे आसफजाही घराणं. त्याचा मूळ पुरुष मोगल सरदार निजाम-उल-मुल्क आसफजाह, आणि त्याची दख्खनमधली सत्ता 1724 पासूनची. मधे जवळजवळ नव्वद वर्षं मोकळी आहेत. पालखेडला 1728 मध्ये बाजीरावांनी कोंडीत पकडला तो हा पहिला आसफजाह. खर्ड्याला 1795 मध्ये हरला तो त्याचा मुलगा निजामअली. शहाजीराजे ज्या निजामशाहीसाठी झगडले तिचा या दोघांशी काडीचा संबंध नाही. आणि एवढ्यावर भागत नाही म्हणून 1461 ते 1463 बिदरच्या बहमनी तख्तावर एक पोरसवदा सुलतान होता, त्याचं स्वतःचं नावच निजामशहा. तो ना नगरचा, ना हैदराबादचा.

दुसरा खड्डा पोर्तुगीज कागदांचा. गोव्याच्या इतिहासात शिरलात की 'इदलकांव' किंवा 'हिदलकांव' भेटतो. तो म्हणजे आदिलखान, पण कुठला ते पोर्तुगीज सहसा सांगत नाहीत. विजापूरच्या गादीवर जो बसेल तो इदलकांव. नगरचा 'निजामलुको', गोवळकोंड्याचा 'कोतामलुको', वऱ्हाडचा 'मादरेमलुको', सगळे तसेच. अल्बुकर्कने गोवा कायमचा घेतला तो 25 नोव्हेंबर 1510 ला, आणि त्याच वर्षी यूसुफ आदिलखान जाऊन त्याचा अल्पवयीन मुलगा इस्माईल गादीवर आला. म्हणजे एकाच वर्षातल्या पोर्तुगीज पत्रांत इदलकांव हा एकच शब्द बापालाही आहे आणि लेकालाही. पणजीत मांडवीकाठी उभा आहे तो इदलकांवचा राजवाडा. तिथे कुणी नुसतं "आदिलशहाचा" म्हणालं तर कुठला, असं जरूर विचारा. आणि 1570 साली गोव्याला वेढा घालणारा इदलकांव हा यूसुफही नव्हे, इस्माईलही नव्हे, तर अली पहिला. त्याच वेळी चौलला मुर्तजा निजामशहा पहिल्याचा वेढा पडला होता.

3. सन फोडा

खरं काम इथेच आहे, त्यामुळे इथे घाई नको.

आदिलशाही, निजामशाही आणि पुढे मराठी कागदांतही सुहूर सन सर्रास येतो. तो आकड्यांत नाही, अरबी संख्यावाचक शब्दांत लिहितात, आणि एककापासून सुरुवात करतात:

- इहिदे 1, इसन्ने 2, सलास 3, अर्बा 4, खमस 5, सीत 6, सबा 7, समान 8, तिसा 9, अशर 10
- अशरीन 20, सलासीन 30, आर्बैन 40, खमसैन 50, सितैन 60, सबैन 70, समानीन 80, तिसैन 90
- मया 100, मयातैन 200, अलफ 1000

शब्दांची रूपं कागदागणिक थोडी बदलतात, पण सांगाडा हाच. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे 1 + 60 + 100 + 1000, एकूण 1161. सुहूर वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला 599 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणजे 1161 हे 1760-61. पानिपताचं साल.

सलास आणि सलासीन, सीत आणि सितैन, समान आणि समानीन या जोड्या नीट बघा. मोडीत शेवटचं अक्षर घसटलेलं असेल तर 3 चे 30 होतात.

हिजरी सन चांद्र असल्याने त्याचं वर्ष साधारण 354 दिवसांचं. ढोबळ हिशेब असा: हिजरी आकड्याला 0.97 ने गुणा आणि 622 मिळवा. एखादं वर्ष इकडेतिकडे होतं, पक्कं करायला जंत्री आहेच.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती इथे: सुहूर आणि हिजरी हे दोन्ही 'सन' च म्हणवतात. इसवी 1344 च्या सुमारास दोन्हींचे आकडे जुळत होते, पण चांद्र वर्ष लहान असल्यामुळे पुढे ते फाटत गेले. सतराव्या शतकाच्या मध्यावर ही फट नऊ-दहा वर्षांची झालेली असते. आता एक उदाहरण करून बघा. कागदात नुसतं "येदिलशाहा" आहे आणि सन 'सितैन अलफ', म्हणजे 1060. हिजरी समजून चाललात तर 1650 येतं, आणि गादीवर मुहम्मद आदिलशहा, गोलघुमटवाला. सुहूर धरलात तर 1659-60 येतं, आणि गादीवर अली दुसरा. त्याच वर्षी, 10 नोव्हेंबर 1659 ला, प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला. एकच आकडा, पण राजा वेगळा आणि महाराष्ट्राची परिस्थितीही पार वेगळी. अरबी शब्दांत लिहिलेला सन मराठी कागदात असेल तर तो बहुधा सुहूर. महिना मोहरम, सफर असा चांद्र असला तरी वर्ष सुहूर असू शकतं, हे विसरू नका.

शिलालेखांत आणि तोफांवर मात्र बहुतेक हिजरी सापडतो. विजापूरला गेलात तर मलिक-ए-मैदान तोफेपाशी हा सराव जरूर करा. तोफ विजापुरात आहे म्हणून सगळे ती आदिलशाहीची समजतात. तिच्यावर नाव आहे 'अबुल गाजी निजामशहा' आणि सन 956. पहिल्या पायरीप्रमाणे सुटं करा: 'अबुल गाजी' ही उपाधी, 'निजामशहा' हे घराणं. स्वतःचं नाव कुठेच नाही. सन फोडा: 956 गुणिले 0.97 म्हणजे 927, अधिक 622, इसवी 1549. त्या साली नगरच्या गादीवर बुऱ्हाण पहिला. तोफ नगरला ओतली, ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी, आणि पुढे ती विजापूरकरांकडे गेली. तोफेवर औरंगजेबाचाही लेख आहे, विजापूर जिंकल्यानंतरचा. म्हणजे एका तोफेवर दोन सत्तांचे लेख, आणि ती जिथे उभी आहे त्या आदिलशाहीचं त्यात काही नाही.

इंग्रज वखारींच्या पत्रांना एक वेगळी खोड आहे. इंग्रज 1752 पर्यंत जुन्या पंचांगाने चालत, म्हणून सतराव्या शतकातली त्यांची तारीख पोर्तुगीज तारखेपेक्षा दहा दिवस मागे असते. त्यांचं नवं वर्षही 25 मार्चला सुरू होई. राजापूरच्या वखारीतलं फेब्रुवारीचं पत्र वाचताना वर्ष एकाने चुकायला हीच गोष्ट कारण होते. राजा मरण्याच्या आसपासचा कागद असेल तर हे बघावंच लागतं, एरवी सोडून द्या.

4. आता गादीची यादी लावा

घराणं आणि सन हाती आले की वंशावळीवर बोट ठेवायचं, एवढंच. जी नावं सारखी आडवी येतात ती अशी:

इब्राहीम
- इब्राहीम आदिलशहा पहिला, 1534–1558
- इब्राहीम आदिलशहा दुसरा, 1580–1627
- इब्राहीम कुतुबशहा, 1550–1580
- इब्राहीम निजामशहा, 1595
- इब्राहीम बरीदशहा, बिदर, 1580 च्या सुमारास गादीवर

अली
- अली आदिलशहा पहिला, 1558–1580
- अली आदिलशहा दुसरा, 1656–1672
- अली बरीदशहा, बिदर, तालिकोटच्या वेळचा

बुऱ्हाण
- बुऱ्हाण निजामशहा पहिला, 1510–1553
- दुसरा, 1591–1595
- तिसरा, 1610–1631
- बुऱ्हाण इमादशहा, वऱ्हाड, इमादशाहीच्या अखेरीचा

मुर्तजा निजामशहा
- पहिला, 1565–1588
- दुसरा, 1600–1610
- तिसरा, 1633–1636. शहाजीराजांनी गादीवर बसवलेला पोर तो हाच.

विजापूरच्या दोन इब्राहीमांमध्ये बावीस वर्षांचं अंतर आहे आणि दोन अलींमध्ये शहात्तर. सन थोडा डळमळीत असला तरी तिथे निभावतं. निभावत नाही ते काही ठरावीक वर्षांत. 1580 घ्या: विजापुरात अली पहिल्याचा खून होऊन इब्राहीम दुसरा आला, आणि त्याच वर्षी गोवळकोंड्याचा इब्राहीम वारला. त्या सालच्या बातमीपत्रात नुसता 'इब्राहीम' असेल तर कोण आला आणि कोण गेला हे घराणं कळल्याशिवाय सांगता येत नाही. 1595 तर त्याहून वाईट. नगरचा इब्राहीम निजामशहा विजापूरच्या फौजेशी लढताना पडला, आणि ती फौज कुणाची? इब्राहीम आदिलशहा दुसऱ्याची. 1672 मध्ये अली दुसरा आणि गोवळकोंड्याचा अब्दुल्ला कुतुबशहा दोघेही गेले. आणि 1565 च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध उभ्या राहिलेल्या चार सुलतानांत दोन अली होते, एक आदिलशहा आणि एक बरीदशहा.

यादी लावताना तीन गृहीतकं मनातून काढून टाका.

एक, बापामागून मुलगा. अली पहिल्याला मूल नव्हतं. इब्राहीम दुसरा हा त्याचा पुतण्या, भाऊ तहमास्प याचा मुलगा, म्हणजे इब्राहीम पहिल्याचा नातू. आजोबाचं नाव नातवाला, आपल्याकडे असते तीच चाल. नगरला तर उलटी गंगा वाहिली: बुऱ्हाण दुसऱ्याचा मुलगा इस्माईल 1589 मध्ये आधी गादीवर बसला, आणि 1591 मध्ये बापाने त्याला बाजूला करून गादी घेतली. वंशावळ वरून खाली वाचत गेलात तर हा क्रम चुकणारच.

दोन, 'पहिला-दुसरा' कागदात सापडेल ही आशा. सुलतानाच्या नावापुढे 'दुसरा' असं कागदात सहसा दिसत नाही. हे आकडे बहुधा नंतरच्या इतिहासकारांनी सोयीसाठी लावले आहेत.

तीन, आकडे सगळीकडे सारखेच असतील. तसं नाही. 1595 मध्ये मियां मंजू या सरदाराने नगरच्या गादीवर एक अहमद बसवला, पण तो राजघराण्यातला नाहीच असं पुढे निघालं. कुणी त्याला यादीत धरतं, कुणी गाळतं. 1378 ते 1397 राज्य केलेल्या बहमनी सुलतानाचं नाव फारसी इतिहासकार फिरिश्ता महमूद देतो, तर नाण्यांवर मुहम्मद आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकांतले बहमनी मुहम्मद-महमूद यांचे आकडे नव्या पुस्तकांशी जुळत नाहीत. म्हणूनच तुम्ही स्वतः लिहाल तेव्हा आकड्याबरोबर कारकिर्दीची वर्षं नेहमी द्या. आकडा हलला तरी वर्षं हलत नाहीत.

नाणी मिळाली तर फार मदत होते. मुहम्मद आदिलशहाच्या नाण्यांवर दोन मुहम्मदांमुळे जगाला शोभा आली अशा अर्थाचा फारसी शेर आहे, एक पैगंबर आणि दुसरा मुहम्मदशहा. इब्राहीम दुसऱ्याच्या तांब्याच्या नाण्यांवर 'इब्राहीम अबला बली' असं येतं. संगीताचा वेडा, 'जगद्गुरू' म्हणवून घेणारा, नौरसपूर वसवणारा इब्राहीम तो हाच दुसरा. पहिल्या इब्राहीमची ओळख वेगळी: परदेशी अमीर कमी करून दख्खनी माणसं भरणारा आणि हिशेबाची दप्तरं देशी भाषेत आणणारा. मराठी कागदांच्या अभ्यासकाला खरं तर पहिलाच जास्त जवळचा वाटायला हवा, पण सगळं कौतुक दुसरा घेऊन जातो.

वतनाच्या भांडणातले महजर (निवाड्याचे कागद) वाचताना आणखी एक सावधगिरी. त्यात "इभराम येदिलशाहाचे कारकिर्दीस आमचे मूळ पुरुषास वतन दिल्हे" असं येतं तेव्हा तो कागद इब्राहीमच्या वेळचा नसतो. तो शंभर-दीडशे वर्षांनंतरचा असतो आणि साक्षीदार घरातली आठवण सांगत असतो. गाजलेल्या राजाचं नाव पुढे करण्याकडे सगळ्यांचाच कल. कागदाची तारीख आणि आत सांगितलेल्या घटनेची तारीख वेगवेगळ्या लिहा. नकलेवर नकलेची तारीख असते, अस्सल कागदाची नव्हे, तेही तपासा.

5. सरदार: खानांच्या गर्दीत

सुलतान निदान यादीत सापडतात. खानांना यादी नाही.

शिवकाळ वाचणाऱ्याला फत्तेखान हमखास अडवतो. एक फत्तेखान मलिक अंबरचा मुलगा: यानेच बुऱ्हाण तिसऱ्याला मारलं आणि 1633 मध्ये देवगिरी-दौलताबाद मोगलांच्या हवाली केली. खडकीचं नाव फतेहनगर झालं ते याच्यावरून, औरंगाबाद हे नाव नंतरचं. दुसरा फत्तेखान विजापूरचा सरदार, 1648 मध्ये पुरंदरावर चालून आला आणि मार खाऊन परतला. तिसरा जंजिऱ्याचा सिद्दी फत्तेखान, ज्याला 1670 च्या आसपास त्याच्याच सिद्दींनी बाजूला केलं. तिघांचा काळ जवळजवळ, मुलूख महाराष्ट्राचाच. इथे सन पुरत नाही, धनी कोण ते बघावं लागतं: निजामशहा, आदिलशहा की जंजिरा.

महाबतखानाचं तसंच. 1633 ला दौलताबाद घेणारा महाबतखान वेगळा, 1671 मध्ये औरंगजेबाने दख्खनला पाठवलेला महाबतखान वेगळा. दुसरा पहिल्याचा मुलगा, बापाचाच किताब मिळालेला. विजापूरचा रणदुल्लाखान आणि त्याचा मुलगा यांचाही रुस्तुमेजमान या किताबावरून असाच घोळ होतो. अफजलखान हाही किताबच. प्रतापगडाखाली पडलेल्या खानाचं मूळ नाव अब्दुल्ला. शाहजहानच्या दिवाणालाही हाच किताब होता, त्याचं नाव शुक्रुल्ला शिराजी. त्याची कबर आग्र्याला आहे, चिनी का रौजा म्हणतात. "अफजलखानाची कबर आग्र्याला" असं कुठे वाचलंत तर बातमी खरी आहे, माणूस आपला नाही.

खानाची नोंद करताना तीन गोष्टी एकत्र लिहा: किताब, मूळ नाव (मिळालं तर), आणि धनी. धनी नसलेली नोंद पुढे निरुपयोगी ठरते.

6. गावांच्या आणि इमारतींच्या नावांवर विश्वास ठेवू नका

बुऱ्हाणपूर बुऱ्हाण निजामशहाने वसवलं असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते खानदेशच्या फारुकी नासिरखानाने वसवलं, आणि नाव दिलं सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं, ज्यांचा दर्गा खुलताबादला आहे. नगरजवळच्या डोंगरावर 'चांदबिबीचा महाल' आहे. तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती मुर्तजा पहिल्याचा वजीर सलाबतखान याची कबर. आणि हा सलाबतखान म्हणजे 1760 ला उदगीरच्या लढाईत भेटणारा हैदराबादचा सलाबतजंग नव्हे.

अहमदांची गंमत वेगळी आहे. अहमदाबाद गुजरातच्या अहमदशहाचं, 1411 चं. नगर मलिक अहमद निजामशहाचं, 1494 चं. आता अहिल्यानगर झालं असलं तरी जुन्या कागदांत अहमदनगरच शोधावं लागेल. आणि तिसरा अहमद म्हणजे बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेणारा अहमदशहा वली, ज्याची कबर बिदरजवळ अष्टूरला आहे. यातले गुजरातचा आणि बहमनी हे दोन अहमदशहा समकालीन होते, इतकेच नव्हे तर 1430 च्या सुमारास मुंबईच्या माहीमसाठी एकमेकांशी भांडले. माहीमच्या इतिहासात "अहमदशहाच्या फौजेने माहीम घेतलं" हे वाक्य दोन्ही बाजूंनी खरं आहे, वेगवेगळ्या वेळी.

7. दख्खनबाहेरचे नामसाधर्म्य

इंटरनेटवर शोधताना नुसतं नाव टाकू नका. 'मुहम्मद आदिलशहा' टाकलंत तर विजापूरच्या सुलतानाबरोबर सूर घराण्यातला दिल्लीचा मुहम्मद आदिलशहाही येतो, ज्याचा सेनापती हेमू. त्याचा काळ 1550 च्या दशकातला. नावापुढे राजधानी आणि साल जोडा, अर्धा कचरा गळून जातो.

पेशवाईच्या कागदांत अहमदशहा आला तर दोघांतून निवड करा. अहमदशहा अब्दाली 1747 ते 1772. मोगल बादशहा अहमदशहा 1748 ते 1754. मार्च 1748 मध्ये सरहिंदजवळ मनुपूरला हे दोघे समोरासमोर आले होते, शाहजादा अहमदशहा मोगलांच्या फौजेत. महिन्याभरात तो बादशहा झाला. मराठी पत्रांत अब्दाली बहुधा अब्दाली म्हणूनच येतो आणि त्याचे लोक 'गिलचे', त्यामुळे निवड सोपी जाते. त्या बादशहाला 1754 मध्ये गादीवरून काढणाऱ्या वजिराचा किताब इमाद-उल-मुल्क. वऱ्हाडच्या इमादशाहीच्या मूळ पुरुषाचाही तोच. पण हा वजीर हैदराबादच्या पहिल्या निजामाचा नातू.

8. नोंद कशी करायची

माझी पद्धत सांगतो. प्रत्येक व्यक्तीसाठी एक ओळ: कागदात जसं आहे तसं नाव, मग घराणं, मग आकडा, मग कारकिर्दीची इसवी वर्षं, मग ओळख कशावरून पटली ते. उदाहरणार्थ: "इभराम येदिलशाहा = इब्राहीम आदिलशहा दुसरा, विजापूर, 1580–1627. ओळख सुहूर सनावरून." शेवटचा भाग गाळू नका. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवत नाही की आपण हे सनावरून ठरवलं होतं की नुसत्या अंदाजावरून.

मूळ कागदातलं रूप 'शुद्ध' करून लिहिण्याचा मोह होतो. इभरामचं इब्राहीम जरूर करा, पण '=' च्या उजवीकडे, डावीकडे नाही.

मोकळा रकाना उरलाच तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी फारसी जाणणाऱ्या माणसाला फोटो दाखवा. पण त्याआधी स्वतः वरच्या सगळ्या पायऱ्या करून जा आणि आपला तक्ता बरोबर न्या. "हा कुठला आदिलशहा?" असं विचारण्यापेक्षा "घराणं आणि महिना लागला, सनातला हा एक शब्द सीत आहे की सितैन?" असं विचारलंत तर उत्तर तिथल्या तिथे मिळतं. तरीही नाही लागलं तर ओळीत 'अली आदिलशहा, कोणता ते अनिश्चित' असं लिहून पुढचा कागद उघडा.